आबा, पोच मिळाली

तीर्थस्वरूप आबा,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही "पुरे आता, चहा घे" म्हणता आणि उठून आत जाता. म्हणून आज सगळ्यांदेखत लिहिते आहे. हे मधेच थांबवता येणार नाही.

गाव तुम्हाला मेजर म्हणतं. 26 जानेवारीला शाळेत शाल-नारळ देतं, पोरं 1971 च्या लढाईचं विचारतात आणि तुम्ही दर वेळी तेच सांगता, "मी हवालदार म्हणून पेन्शनीत आलो, मेजर म्हणू नका." गावाने तुमचे आभार मानले ते लढाईबद्दल, आणि ते मानायलाच हवेत. मला मात्र वेगळ्या गोष्टींबद्दल बोलायचं आहे.

2018 च्या श्रावणात आमच्या मुलांचे बाबा गेले. मागे दीड एकर अंजिराची बाग राहिली आणि त्यातलं मला पाटी वाहण्यापलीकडे काही येत नव्हतं. दसरा जवळ आला तरी मी बागेत पाऊल टाकलं नव्हतं. मिठ्या बहराची छाटणी त्याच दिवसांत उरकावी लागते, ती चुकली की उन्हाळ्याची फळं गेली. नातेवाईक म्हणत होते, बाग खंडाने देऊन टाक, बाईमाणसाचं काम नाही. तेवढ्यात एका सकाळी तुम्ही आणि आजी आलात. सांत्वनाचं अवाक्षर न काढता तुम्ही माझ्या हातात कात्री दिलीत. पहिलं झाड तुम्ही छाटलंत, दुसरं शेजारी उभं राहून माझ्याकडून छाटून घेतलंत, आणि तिसऱ्याला सरळ बांधावर जाऊन बसलात. त्या आठवड्यात तुमच्या स्वतःच्या बागेची छाटणी तशीच पडली होती, हे मला पुढच्या वर्षी आजींकडून कळलं.

मग तांबेरा आला. पानाच्या मागे तो गंजासारखा ठिपका दिसला तेव्हा माझे हातपाय गळाले. फवारायचं बोर्डो औषध करायला तुम्ही प्लॅस्टिकची दोन पिंपं मांडायला लावलीत. एकात पन्नास लिटर पाण्यात किलोभर मोरचूद रात्रभर कापडात बांधून लटकवलेलं, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात किलोभर चुना. सकाळी दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायचं आणि काठीने ढवळत राहायचं. आभाळासारखा निळा रंग आला. मी पंप भरायला गेले तर तुम्ही हात धरलात. घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवायला सांगितलात आणि घटकाभराने वर काढायला लावलात. पात्यावर तांबूस पुट चढलं होतं. "मोरचूद अजून मोकळं आहे. असंच फवारलंस तर पान जळेल. चुना वाढव." तीन वेळा विळा घासला, तीन वेळा बुडवला. चौथ्यांदा पातं जसंच्या तसं वर आलं, तेव्हाच पंपाला हात लावू दिलात.

आणि ती सळई. झाडाच्या बुडाशी ओल किती आहे हे बघायला तुम्ही ती कायम तिरकी खुपसता. मी एकदा विचारलं, उभी का नाही? तुम्ही म्हणालात, "उभी गेली तर सुरुंगाच्या डोक्यावर बसते. तिरकी गेली तर कुशीला लागते, मग कळतं." लढाई थांबल्यावरसुद्धा कितीतरी दिवस तुमची तुकडी सीमेवर गुडघ्यांवर बसून सुरुंग काढत होती, हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सुरुंग काढलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत लावायची, मग मागचे त्यातून चालायचे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्यासाठी वाट मोकळी करणाऱ्या पलटणीत, भरती झालात तेव्हा तिथल्याच रामा राघोबा राणे यांची गोष्ट कशी सांगत, तेही त्या दिवशी सांगितलंत. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा ते राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना पुढे नेलं आणि परमवीर चक्र मिळवलं. "सगळ्यांना रणगाडा दिसतो, पण रणगाड्याच्या पुढे सॅपर असतो," हे तुमचं वाक्य माझा मुलगा अजून म्हणतो.

सातबाऱ्याचं तर काय सांगू. वारस नोंदीसाठी मी चार हेलपाटे घातले. कधी साहेब नाहीत, कधी दिरांची संमती आणा. तुम्ही बरोबर आलात, पण बाकावर बसून राहिलात. बोलायला मलाच लावलंत. फक्त एवढं सांगितलंत, "अर्ज लेखी दे आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस." मी पोच मागितली. थांब म्हणाले, थांबले. दीड तासाने शिक्का बसला. मग फेरफार धरला, नोटिशीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. बायको ही पहिल्या वर्गाची वारस, हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात लिहिलेलं आहे आणि त्यासाठी कुणाची संमती लागत नाही, हे मला त्या दीड तासात तुम्ही दबक्या आवाजात समजावलंत. आज उताऱ्यावर माझं आणि दोन्ही मुलांचं नाव आहे.

तुम्ही एवढं का केलंत, हे मी एकदाच विचारलं होतं. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग 1972 च्या दुष्काळाचं बोललात. वडील आधीच गेलेले, तुम्ही पलटणीत, आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिची पत्रं शाळेतले मास्तर लिहून द्यायचे आणि प्रत्येक पत्रात "आम्ही खुशाल आहोत" एवढंच असायचं. रजेवर आलात तेव्हा तिने कामावर मिळालेली सुकडी फडक्यात बांधून तुमच्यासाठी ठेवली होती. तिचे हात बघितल्यावर पत्रांचा अर्थ कळला, म्हणालात. "मी तेव्हा तिच्याजवळ नव्हतो गं."

आबा, त्या दिवशी मला काही बोलता आलं नाही. आज सांगते. माझ्याजवळ तुम्ही होतात. 1986 ला पेन्शनीत येऊन ज्या माळावर तुम्ही विहीर खणलीत आणि 1990 नंतर फळबाग योजनेतून अंजीर लावलंत, त्या बागेइतकीच माझी बागही तुमची आहे.

गुडघ्यांमुळे यंदा तुम्ही बांधावर आला नाहीत, म्हणून कळवते. छाटणी वेळेत झाली. वाडीतल्या तिघीजणी औषध करायला शिकायला आल्या होत्या, मी त्यांना आधी विळा घासायला लावला. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमचे हे किती खूश झाले होते, ते मी त्यांना सांगितलं.

येत्या गुरुवारी पहिला तोडा आहे. पहाटेच, चीक हाताला लागू नये म्हणून तेल लावून. टेम्पो दिवे घाट उतरून मार्केट यार्डाला जाण्याआधी एक पाटी तुमच्या ओसरीवर येईल, खाली-वर पानं लावलेली, तुम्ही दाखवली तशी. पैसे पुढे करू नका. आजींना सांगा, चहा मी तिथेच घेईन.

तुमची,
खालच्या मळ्यातली सून