मोहरीएवढी बाग

मिरज,
रविवार दुपार

प्रिय अव्या,

तुझं पार्सल, म्हणजे चिनी कलेतून मनःशांती शिकवणारं ते पुस्तक, पोचलं. सोबतच्या चिठ्ठीत "वाचून खरं मत कळव" असं लिहिलंयस म्हणून हा पत्रप्रपंच, नाहीतर फोनवरच "छान आहे" म्हणून मोकळा झालो असतो. पुस्तक गुळगुळीत आहे. मुखपृष्ठावर बांबू, धुकं आणि पाठमोरा म्हातारा. आत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चौकटीत एक 'प्राचीन चिनी सुविचार'. कुणाचा, कधीचा, काही पत्ता नाही. सुलेखनावर अख्खं प्रकरण आहे, पण कुंचला कसा धरायचा, शाई कशी उगाळायची याबद्दल चकार शब्द नाही. मन शांत करा, म्हणजे रेघ शांत येईल म्हणे! जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली शेकड्यांनी पोरं हाताखालून गेली. मन शांत करून एकाचीही रेघ सुधारली नाही. रेघ जमायला लागली की पोरगं आपोआप गप्प बसायचं, हे मात्र वर्षानुवर्षं पाहिलं.

तेव्हा निवृत्तीनंतर तुला चीनबद्दल वाचायचं असेल, हातात एखादी कला धरायची असेल आणि जमलं तर स्वभावही थोडा निवळवायचा असेल (ही मागणी वहिनींची असणार), तर जुनी पुस्तकं धर. इंग्रजीतून मिळतात. माणूस कसा घडवावा यावर ती फारशी बोलतच नाहीत. झाड, दगड, पाणी, भांडी यांच्याबद्दलच बोलत राहतात आणि तेवढ्यात वाचणाऱ्याचं काम होऊन जातं.

माझ्या टेबलावर कायम उघडी असते ती 'मोहरीच्या दाण्याएवढ्या बागेची चित्रपोथी'. ली यू नावाचा नाटककार नानजिंगला राहायचा, त्याच्या इवल्याशा बागेचं हे नाव. एका जुन्या चित्रकाराने शिकवण्यासाठी केलेले नमुने ली यूच्या जावयाकडे होते. वांग गाय नावाच्या चित्रकाराने ते वाढवले, नीट लावले, आणि 1679 मध्ये रंगीत लाकडी ठशांनी छापलेला पहिला भाग बाहेर पडला. सुरुवात झाडापासून, तीही पानं नसलेल्या. आधी एकटं झाड, मग दोन, मग तीन. थोरल्या-धाकट्या झाडांच्या जोडीचे दोन प्रकार दिलेत. एकाचं नाव म्हाताऱ्याला पाठीवर घेणं, दुसऱ्याचं पोराला हाताशी धरणं. जुनं झाड मायाळू दिसावं, कोवळं डौलदार, आणि घोळक्यात उभी माणसं जशी एकमेकांकडे बघतात तशी ती उभी राहावीत. दगडालाही तीन बाजू हव्यात, नाहीतर तो दगड नव्हे. आता आपल्या शाळेतलं निसर्गचित्र आठव: दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, एक नदी आणि काठावर नारळ. त्या बिचाऱ्या नारळाला कुणी नातलगच नाही! हे वाचल्यापासून मला वर्गातल्या चित्रांतली झाडं अनाथ दिसायला लागली.

हीच पोथी हूनान प्रांतातल्या शियांगतान गावाकडच्या एका सुताराच्या हाती लागली. जन्म 1864 चा, गरिबाघरचा, लाकडात नक्षी कोरून पोट भरणारा. विशीच्या सुमारास गिऱ्हाइकाच्या घरी त्याने पोथीची अपुरी प्रत पाहिली, उसनी मागून आणली, आणि दिवसभर रंधा-पटाशी चालवून झाली की रात्री दिव्यापाशी बसून पातळ कागदावर एकेक पान उतरवून काढलं. तेव्हा त्याला कळलं की आजवर आपण काढलेल्या माणसांची कधी डोकी मोठी होत होती, कधी पाय लांब. तोच पुढे नामवंत चित्रकार ची बायशी झाला. झिंग्यांची ती शाईतली चित्रं तू पाहिली असशीलच. चार-सहा फटकाऱ्यांत झिंगा, आणि भोवती पाण्याची एक रेघ नसून तो पाण्यात. गिरवण्यापासून सुरुवात केलेला हा माणूस शिष्यांना मात्र बजावायचा की माझ्याकडून शिका, माझ्यासारखं होऊ नका. मी पोरांना गिरवायला लावायचो तेव्हा पालक शाळेत येऊन सांगायचे, सर, सर्जनशीलता मरते. मला तेव्हा ची बायशी ठाऊक असता तर बरं झालं असतं.

दुसरं पुस्तक चहाचं, आठव्या शतकातलं. ते लिहिणारा लू यू हा टाकून दिलेला पोर, बौद्ध मठात वाढला. धर्मग्रंथ शिकायला तयार होईना म्हणून त्याला गुरं राखायला लावलं, तर हा बैलाच्या पाठीवर बांबूच्या काडीने अक्षरं गिरवायचा. शेवटी पळाला आणि नटांच्या मेळ्यात शिरला. दिसायला यथातथाच, बोलताना अडखळायचा, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. चहा कुणी प्यावा? सरळ वागणाऱ्या, काटकसरी माणसाने, एवढं एका वाक्यात सांगून तो कामाला लागतो. पाणी डोंगरातलं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं सर्वांत खालचं. पहिल्या उकळीला माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आणि बारीक आवाज, दुसरीला कडेने मोत्यांची माळ, तिसरीला लाटा. त्यापुढे पाणी म्हातारं झालं, पिऊ नये. दुसऱ्या उकळीला एक पळी पाणी काढून बाजूला ठेवायचं, ढवळून चहाची पूड टाकायची, आणि भांडं उसळलं की तेच पाणी परत ओतून त्याला शांत करायचं. शांतीवरचं प्रवचन नाही, एक पळी पाणी.

आणि जे लोक चहात आलं, पुदिना, संत्र्याची साल घालून उकळत बसतात, त्यांचा चहा म्हणजे गटारात फेकायचं पाणी! तुझ्या घरच्या आल्याच्या चहावर हा निकाल बाराशे वर्षांपूर्वीच लागलाय, वहिनींना सांगू नकोस. अर्थात स्वतः महाराज पहिल्या उकळीला मीठ टाकतात, त्यामुळे आपण फार मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

शेन फूच्या आठवणी मात्र सावकाश वाच. सूजौ गावचा सामान्य कारकून, 1763 चा जन्म, आयुष्यभर पैशाची ओढाताण. सहा प्रकरणांपैकी चारच शिल्लक आहेत. खरी कलावंत त्याची बायको युन. उन्हाळ्यात कमळं संध्याकाळी मिटताना ती चहाची पुरचुंडी फुलात ठेवायची आणि सकाळी उमलली की काढून घ्यायची. एकदा मित्रांना मोहरीसारख्या पिवळ्या फुलांच्या शेतात बसून प्यायचं होतं, पण थंडगार दारू आणि गार खाणं कोण घेणार? युनने बाजारातला एक वॉन्टनवाला (वॉन्टन म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून उकडलेला पदार्थ) त्याच्या चुलीसकट भाड्याने ठरवून दिला. तो शेतात आला, दारू गरम झाली, खाणं गरम झालं. त्या प्रसंगात मला तुझं ते आख्खं पार्सल मावलेलं दिसतं. पुढे घरच्यांनी दोघांना बाहेर काढलं, युन आजारपणात गेली, तेही तो तितक्याच साधेपणाने लिहितो. तिथे मी पुस्तक बंद करून गच्चीत फेऱ्या मारत होतो.

आता तू वाद घालणारच, की मग पुस्तकं तरी कशाला? हा प्रश्न च्वांग त्सू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथातल्या एका चाकं घडवणाऱ्याने आधीच विचारलाय. राजा वर बसून वाचतोय, हा खाली लाकूड तासतोय. विचारतो, कुणाचं वाचताय? ऋषींचं. जिवंत आहेत? नाही. मग तुम्ही वाचताय तो नुसता चोथा. राजा भडकतो, कारण सांग नाहीतर मरशील म्हणतो. तो म्हणतो, पटाशी हळू मारली तर सरकते, जोरात मारली तर रुतते. नेमकं किती ते हाताला कळतं, तोंडाने सांगता येत नाही. पोरालाही शिकवता आलं नाही, म्हणून सत्तरीत मीच चाकं करतोय. आमच्या सतारमेकर गल्लीत जवारी काढणाऱ्यासमोर, म्हणजे घोडी तासून तारेचा नाद जुळवणाऱ्यासमोर, बसून बघ, हेच दिसेल. घोडीवर कानस एकदा फिरवतो, तार छेडतो, पुन्हा थोडी फिरवतो, आणि एका जागी थांबतो. का थांबलास म्हटलं तर नुसता बघतो आपल्याकडे.

म्हणून माझं ऐक, वाचनाआधी कुंचला आण. शाईची कांडी परवडली नाही तर बाटलीतली काळी शाई चालेल. महागडा कागद मुळीच घेऊ नकोस, जुनी वर्तमानपत्रं भरपूर. रोज उभी रेघ आणि आडवी रेघ, बाकी काही नाही. महिनाभराने मला फोटो पाठव, मी लाल पेनाने तपासून देईन. जुनी खोड आहे.

पुढच्या आठवड्यात भाचा पुण्याला येतोय, त्याच्याकडे लू यू आणि शेन फू देतो. दोन्ही परत हवेत, आणि पानाचे कोपरे दुमडायचे नाहीत. चित्रपोथी मात्र पाठवणार नाही. ती बघायला तुलाच यावं लागेल. दिवाळीनंतर ये, तेव्हा मी घरीच आहे.

वहिनींना नमस्कार, चिमीला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या