वेळ बदला, पण आधी श्रोत्याला सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आकाशवाणी केंद्रांवर कार्यक्रमांच्या वेळा बदलणे नवे नाही आणि गैरही नाही. केंद्राचा ‘फिक्स पॉइंट चार्ट’, म्हणजे ठरलेल्या वेळांचा तक्ता, अधूनमधून नव्याने मांडावाच लागतो. सकाळी ८ आणि रात्री ८.४५ची दिल्लीहून सहक्षेपित होणारी हिंदी बातमीपत्रे जागची हलत नाहीत. त्यांच्या आगेमागे उरलेल्या जागेत भक्तिगीते, शेतीचे कार्यक्रम, श्रुतिका, शास्त्रीय संगीत बसवायचे असते. त्यामुळे एक कार्यक्रम पंधरा मिनिटे सरकला की मागचे तीन-चार हलतात. तक्रार बदलाबद्दल नाही, तो कसा केला जातो याबद्दल आहे.

शास्त्रीय संगीताचेच घ्या. सकाळच्या सभेतला (प्रसारण-सत्रातला) कार्यक्रम दुपारी नेला, तर केवळ घड्याळाचा काटा बदलत नाही. भैरव, तोडीची ध्वनिमुद्रणे तिथे चालत नाहीत. संग्रहातून सारंग, भीमपलास, मुलतानी नव्याने निवडावे लागतात. ही निवड आधी झाली नाही तर तीच ती ध्वनिमुद्रणे फिरत राहतात किंवा भलत्या प्रहरी भलता राग लागतो. अवधी कमी केला तर आणखी पंचाईत. तीस मिनिटांच्या जागेत उद्घोषणा वगळून साधारण एकोणतीस मिनिटांचे गायन बसते, विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) दोन्ही होतात. तेच ध्वनिमुद्रण पंधरा मिनिटांच्या जागेत टाकले की विलंबित ख्याल रंगू लागतो तिथेच आवाज हळूहळू मिटवावा लागतो. गाणाऱ्यावर आणि ऐकणाऱ्यावर, दोघांवरही हा अन्याय आहे. छोटी जागाच हवी असेल तर तिथे ठुमरी, नाट्यपद किंवा वाद्यवादन द्यावे.

दुसरी बाब तांत्रिक आहे आणि तिचा विचार फारसा होत नाही. मध्यम लहरी, म्हणजे मीडियम वेव्ह (आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीच्या ५५८ किलोहर्ट्‌झसारख्या), दिवसा जमिनीलगत जातात आणि मुंबईपलीकडे रायगडातही ऐकू येतात. सूर्यास्तानंतर आयनांबरातला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातला), या लहरी शोषून घेणारा खालचा थर विरतो. मग शेकडो किलोमीटरवरच्या केंद्रांच्या लहरी वरून परतून येतात, आवाजात आवाज मिसळतो, तो लहानमोठा होत राहतो. म्हणजे मध्यम लहरींवरचा संध्याकाळी साडेपाचचा कार्यक्रम रात्री साडेनऊला नेला, तर मुंबईत फारसा फरक पडणार नाही, पण दूरच्या श्रोत्याच्या हातून तो जाऊ शकतो.

‘मग एफएमवर ऐका’ हे उत्तरही पुरेसे नाही. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगराआड पोचत नाहीत. शिवाय मध्यम लहरींसाठी संचाच्या आत अँटेना म्हणून फेराइटची कांडी असते, म्हणून संचच फिरवून आवाज जुळवावा लागतो. एफएमसाठी बाहेरची अँटेनाची काडी पाऊण मीटरच्या आसपास ओढावी लागते आणि मोबाइलला बहुधा इअरफोनची वायर जोडावी लागते. वर्षानुवर्षे एकाच जागी काटा ठेवून ऐकणाऱ्या वृद्धांना हे कोणीतरी निवेदनातून सांगितले पाहिजे. एलईडी दिवा किंवा चार्जर संचाजवळ असेल तर मध्यम लहरींवर खरखर वाढते, हेही सांगण्यासारखे आहे. अनेकांना वाटते, केंद्रच बंद पडले.

सूचना कशी द्यावी? ‘कार्यक्रमांच्या वेळेत बदल झाला आहे, श्रोत्यांनी नोंद घ्यावी’ एवढ्याने काहीच कळत नाही. कार्यक्रमाचे नाव, वार, तारीख, जुनी वेळ, नवी वेळ, वाहिनी आणि तिची कंप्रता (फ्रिक्वेन्सी), इतके सगळे एका दमात आणि दोनदा सांगितले पाहिजे, कारण कागद-पेन्सिल घेईपर्यंत पहिले वाक्य निघून गेलेले असते. रोजच्या कार्यक्रमासाठी दोन आठवडे पुरतील. साप्ताहिकासाठी मात्र किमान चार आठवडे हवेत. त्याचा नेमाचा श्रोता महिन्यात चारदाच त्या वेळेला रेडिओ लावतो. आणि बदल झाल्यानंतरही जुन्या वेळेवर, तिथे आता जे काही लागत असेल त्याच्या आरंभी, महिनाभर अर्ध्या मिनिटाची सूचना असावी. चुकलेला श्रोता तिथेच येऊन थांबतो. संकेतस्थळावरच्या तक्त्यावर ‘कोणत्या तारखेपासून लागू’ हे छापलेले असावे आणि जुना तक्ता काढून टाकावा. अंध श्रोत्यांसाठी हा तक्ता छायाचित्र म्हणून न टाकता वाचक-सॉफ्टवेअरला उचलता येईल अशा अक्षरांत हवा.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. पूर्वी मराठी वृत्तपत्रांत आकाशवाणीचे दिवसाचे कार्यक्रम छापून येत. सगळे छापणे आज परवडणार नाही, हे मान्य. पण आठवड्यातून एकदा, रविवारी, फक्त बदललेल्या वेळांची दहा-बारा ओळींची चौकट द्यावी. केंद्राने ती गुरुवारपर्यंत पाठवावी, म्हणजे छपाईला अडचण येणार नाही.

आपला,
एक नभोवाणी श्रोता, गिरगाव, मुंबई