कैरोतली पाणपोई

कैरो,
१२ नोव्हेंबर

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

लेकीकडे येऊन आठवडा झाला. पिरॅमिडांचे फोटो तुला पोचलेच असतील, त्यावर वेगळं लिहीत नाही. आज पत्र लिहायला बसलोय ते एका विहिरीपायी. काल तिथे तुझी फार आठवण आली.

नाईलच्या पात्रात रोडा नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, टोकदार घुमटाखाली, ही दगडी विहीर. थेट आपल्या बारवेसारखी चौकोनी, भिंतीला धरून खाली उतरणाऱ्या पायऱ्या. मधोमध संगमरवरी अष्टकोनी खांब आणि त्यावर हाताहाताच्या अंतराने कोरलेल्या रेघा. बांधकाम इ.स. ८६१ चं! नदीचं पाणी तीन बोगद्यांतून आत यायचं आणि पूर किती चढला ते खांबावर दिसायचं. सोळा हात पाणी आलं की साल चांगलं. फार कमी आलं तर उपासमार, फार जास्त आलं तर घरंदारं पाण्यात. त्या वर्षीचा शेतसाराही या रेघांवरूनच ठरायचा. म्हणजे आणेवारीच की रे! आपल्याकडे पीक उभं राहिल्यावर आणेवारी लागते, इथे पेरणीच्या आधीच नदी सांगून जायची.

तुमच्या दादांचं बोलणं आठवलं. बारवेची सातवी पायरी उघडी पडली की ते म्हणायचे, "आता टँकरचं बघा." त्यांचा नाईलचा खांब गावातच होता.

आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पुरं झालं आणि पूर यायचा थांबला. बोगदेही बुजवलेत, म्हणून आता तळापर्यंत उतरता येतं. मी उतरलो. भिंतीतल्या कोनाड्यांच्या कमानी टोकदार आहेत. युरोपातल्या मोठ्या चर्चमध्ये अशा कमानी दिसतात ना, त्यांच्याही कित्येक शतकं आधीच्या या.

आज जुन्या शहरात मुइझ रस्त्याला गेलो. मशिदी एकीला लागून एक, मान दुखेपर्यंत मिनार बघत होतो. पण पाय थबकले ते रस्ता फुटतो तिथल्या एका छोट्या इमारतीपाशी. अब्दुर्रहमान कतखुदाने १७४४ मध्ये बांधलेली ही पाणपोई, तिला इथे सबील म्हणतात. उंटांवरून पखाली भरून नाईलचं पाणी आणायचं, तळघरातल्या हौदात साठवायचं आणि खिडकीच्या धातूच्या जाळीतून वाटसरूंना पाजायचं. पैसा कुणाकडून घ्यायचा नाही. आणि वरच्या मजल्यावर, लाकडी खांबांच्या मोकळ्या सज्जात, पोरक्या मुलांची शाळा! खाली पाणी, वर पाटी. कैरोत अशा कितीतरी इमारती आहेत. दुकानांचं, जमिनींचं उत्पन्न कायमचं लावून द्यायचे आणि त्यावर हे चालायचं. जाळीच्या वेलबुट्टीवर हात ठेवून मी बराच वेळ उभा होतो. तहानलेल्याच्या हातात भांडं देण्याच्या जागेवर इतकी नक्षी कोणी करतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तिथून जवळच सुलतान कलावूनची वास्तू आहे, १२८४-८५ मधली. मशीद नंतरही बघता येईल, पण या बांधकामात मोठं रुग्णालय होतं, श्रीमंत-गरीब सगळ्यांना फुकट उपचार देणारं. दमास्कसच्या रुग्णालयात कलावून स्वतः बरा झाला होता, तेव्हाच त्याने हे बोलून ठेवलं होतं. त्या आवारात आता डोळ्यांचं रुग्णालय आहे.

किल्ला आणि सुलतान हसनची मशीद अजून राहिली आहे. परवा जाईन, लिहीनच.

तोवर एक काम कर. तुमच्या बारवेला एकूण पायऱ्या किती, आणि सध्या पाणी कितवीवर आहे, ते मोजून कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बंडू