दोर तपास आणि उतर

शनिवार, पहाट

प्रिय चिऊ,

काल फोन मी आपटला नाही, बॅटरी संपली होती. निदान आईला तरी असंच सांगितलंय. पुन्हा फोनवर बोललो तर पुन्हा आवाज चढेल, म्हणून लिहितोय. तू वादळात बोटीवर राहणार की नाही, हा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय. फक्त बोटीचं बोलू.

वादळ सोमवारी रात्री येणार म्हणजे तुझ्या हातात दोन दिवस आहेत असं धरू नकोस. उद्या दुपारनंतर पुढचं शीड उतरवायला गेलीस तर ते हातातून सुटून जाईल. शिडं आजच काढ. पुढचं गुंडाळून वरून दोरी करकचून बांधली की झालं, असं वाटेल. नाही होत. बोटभर फट सापडली तरी वारा ते उलगडतो आणि मग अख्खी बोट ज्या तरंगत्या बोयाला बांधलीय त्याच्याशी झोंबत बसते. घडी नीट झाली नाही तरी चालेल, केबिनमध्ये कोंब. मोठं शीड, कापडी छत, निघत असेल तर शिडाखालचा आडवा दांडा, बूमसुद्धा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वहीच्या मागच्या पानावर हे शिकवलं होतं तेव्हा तू लगेच म्हणालीस, "मग तिप्पट झाला तर नऊपट?" मी त्या संध्याकाळी माई आत्याला मुद्दाम फोन केला होता. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही, पण ती तशीच आहे.

आता दोर. नांगर उपसून बोटी जातात, पण दोर काचूनही पुष्कळ जातात. बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवरच्या खाचेतून दोर बाहेर पडतो तिथे हात फिरवून बघ. नायलॉन ताणला जातो म्हणून बोटीला हिसका कमी बसतो, पण प्रत्येक ताणाबरोबर तो त्या कडेवर मागेपुढे घासतो आणि आतून तापतोही. रबरी नळी चढवू नकोस, ती उष्णता कोंडून धरते आणि पावसाचं पाणी दोरापर्यंत पोचू देत नाही. जाड कॅनव्हास गुंडाळ, दोन-तीन थर, आणि टाके घाल, नुसता बांधलास तर सरकेल. एकाऐवजी दोन दोर, डेकवरच्या दोन वेगळ्या खुंट्यांना, क्लीटना. दुसरा थोडा सैल, पहिला गेला तरच ताण घेणारा. क्लीटच्या खाली आतून जाड पट्टी आहे का, हे बोट घेतलीस तेव्हाच बघायला सांगितलं होतं. बघितलं होतंस का? असो.

साखळी जोडणाऱ्या कडीच्या, शॅकलच्या पिनेला तार बांधलेली हवी, नाहीतर बोट हलून हलून पीन फिरत सुटते. आणि लांबी. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की समुद्र साधारण एक सेंटीमीटर चढतो. वारा किनाऱ्याकडे पाणी लोटतो ते वेगळं, त्यात भरतीची वेळ जुळली तर बघायलाच नको. पाणी चढलं की साखळी उभी होते आणि नांगर आडवा ओढला जायच्या ऐवजी वर उचलला जातो. दोर वाढव, पण मग तुझी बोट जास्त घेर घेणार, तेव्हा शेजारच्या बोटवाल्याशी आधी बोल. बुडाचे व्हॉल्व्ह बंद कर, कॉकपिटमधलं पाणी जायची वाट मात्र उघडी ठेव. पंप आणि बॅटरी तुला माझ्यापेक्षा जास्त कळते.

आणि मग उतर. काढलाच विषय.

दादा बोट विकायचं बोलला ते मनावर घेऊ नकोस, त्याला समुद्र पहिल्यापासून आवडत नाही. तू ती बोट स्वतःच्या पैशांनी घेतलीस, लाकूड स्वतः घासलंस, हे मी ओळख नसलेल्या लोकांनासुद्धा सांगतो. पण बोट घेता येणं वेगळं आणि कुठे थांबायचं ते कळणं वेगळं. हे भाषण झालं, माफ कर. खोडलं असतं, पण खोडलं की तू खाली काय होतं ते उजेडात धरून वाचतेस.

काल तू म्हणालीस, "तू राहिला होतास ना?" मला उत्तर देता आलं नाही. बाबा रात्रभर बोटीवर, दोर सैल करतोय, बोट वाचवतोय, ही गोष्ट तुला झोपवताना मीच किती वेळा सांगितली. खरं असं की त्या रात्री मी एकदाच पुढे गेलो, तोही पोटावर सरपटत. पाऊस आडवा येत होता, डोळे उघडत नव्हते, वाऱ्याकडे तोंड केलं की श्वास घेता येत नव्हता. दोराला हात लावला तर तो लोखंडी गजासारखा. क्लीटवरून सोडवायला गेलो असतो तर बोटंच गेली असती. परत फिरलो आणि उजाडेपर्यंत केबिनमध्ये खाली बसलो, बादली धरून. बोट वाचली ती आदल्या दिवशी तुझ्या आईने उन्हात बसून कॅनव्हासला टाके घातले म्हणून. मी घाई करत होतो, ती ऐकत नव्हती. बादलीचं मी तिला कधी बोललो नाही.

मध्येच वारा एकदम पडला तर संपलं समजून बघायला जाऊ नकोस. तो डोळा असेल, मग उलट बाजूने येईल.

सोमवारी सकाळच्या आत छोटी होडी गाडीच्या टपावर बांधून घरी आण. डेकवर ठेवली तर वारा धरते, हे खरंच आहे. पण ती किनाऱ्यावर ठेवली तर रात्री तू तिच्यात बसशील, म्हणूनही.

गाडीत बसलीस की कळव. बोलायचं नसेल तर नुसता मिस्ड कॉल दे.

तुझा,
बाबा

ता. क. आईने हे वाचलं. बादली मग कोणी धुतली होती, असं विचारतेय.