लॅपटॉपचं दुखणं

चिपळूण,
७ डिसेंबर २०२५

प्रिय पक्या,
सप्रेम नमस्कार.

"ताईच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाक, सगळं सुटेल," असं तू फोनवर सांगून मोकळा झालास. टाकलं. सुटलंही. पण लिनक्समुळे नाही, हे तुला ऐकून घ्यावं लागेल.

ताईचा तो २०१४ सालचा लॅपटॉप आठवतो ना? दहा-पंधरा मिनिटं चालला की गोठायचा. गाणं लावलेलं असलं तर एकच सूर धरून घूंऽऽ करत बसायचा. दुकानदाराने झाकण न उघडताच सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, नवा घ्या. त्यात विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद झालेले. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, हा चौथ्या पिढीचा. मला वाटलं, सगळा घोळ विंडोजचाच.

मिंट नावाच्या लिनक्सची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली आणि इन्स्टॉल न करता तिथूनच चालवून पाहिली. वीस मिनिटांनी तीही गोठली! मग हार्ड डिस्कच काढून ठेवली आणि पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू केला. पुन्हा तेच. म्हणजे विंडोज सुटलं, डिस्कही सुटली. पंखा साफ केला, तापमान पाहिलं, साठ अंशांच्या आसपास. तेही काही फार नाही. उरली रॅम आणि दुकानदाराचा मदरबोर्ड.

रात्री मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावून झोपलो. सकाळी पडदाभर चुकांच्या लाल ओळी. आत रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या. पहिली एकटी ठेवून सहा तास चालवली, एकही चूक नाही. दुसरी एकटी लावली, चार मिनिटांत लाल. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने गंज धरला असेल म्हणून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले (हॉस्टेलवर तूच शिकवलेला उपाय). फरक नाही. मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. पुन्हा लाल! आणि चांगली पट्टी दोन्ही खाचांत बिनबोभाट चालली. चूक पट्टीबरोबर फिरत होती, खाचेबरोबर नाही. मदरबोर्ड ठणठणीत. दुकानदाराला जाऊन सांगावंसं वाटलं, पण जुन्या डिस्कच्या जागी त्याच्याकडूनच एसएसडी (वेगवान डिस्क) घ्यायची होती, म्हणून गप्प बसलो.

बिघडलेली पट्टी काढून एसएसडीवर मिंट इन्स्टॉल करायला अर्धा तासही लागला नाही. जुन्या डिस्कवरचे ताईच्या लग्नाचे फोटो आधी काढून घेतले. वायफाय मात्र दिसेना. त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) इंटरनेटवरून घ्यायचा आणि इंटरनेट तर वायफायवर! शेवटी मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं नेट दिलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून एक क्लिक, काम झालं.

सगळ्यात जास्त पिडलं ते भलत्याच गोष्टीने. एकही वेबसाइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा दाखला, चुकीचं असल्याची ओरड. दोन तास नेटवर्कच्या मागे लागलो. मग घड्याळाकडे लक्ष गेलं, तर लॅपटॉप २०१३ सालात बसलेला! घड्याळ चालवणारा आतला बटनसेल मेला होता. त्या तारखेला आजची सर्टिफिकेटं अजून जन्मलेलीच नाहीत, मग ती खरी कशी मानणार? घड्याळवाल्याकडून सेल आणला.

आता आई त्यावर भजनांची वही टाइप करते. इनस्क्रिप्ट कळफलक लावून दिलाय, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. जोडाक्षराला हलन्त द्यायचा, हे तिने माझ्याआधी पकडलं.

सध्या चार जीबीवर चाललंय आणि आईला पुरतंय. पण ताई आली की वीस टॅब उघडणार. तुझ्या माळ्यावरच्या मोडक्या लॅपटॉपमध्ये चार जीबीची पट्टी असेल, ती शिमग्याला येताना आण. स्टिकरवर रॅमचा प्रकार लिहिलेला असतो, त्यात डीडीआर थ्रीपुढे एल आहे का तेवढं बघ. याला १.३५ व्होल्टचीच चालते, १.५ वाली नको. आणि पँटच्या खिशात सुटी टाकून आणू नकोस, मागच्या वेळचा पेनड्राइव्ह आठव.

तुझा,
बाब्या