आजींच्या पेटीतली पिस्तुलं

पिट्सबर्ग

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या शेजारच्या आजींच्या यजमानांची बँकेतली पेटी भाडं थकल्यामुळे ड्रिल करून उघडली आणि आत तीन पिस्तुलं निघाली, हे वाचलं. फोटोही नीट पाहिले. बाकी काही सांगायच्या आधी एक गोष्ट: तू त्यांना हात लावू नकोस. तू एच-१बीवर आहेस आणि तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक जवळ बाळगणं हा इथे अमेरिकेत केंद्रीय गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर व्हिसा पणाला लावू नकोस. 'दोन दिवस तुझ्या घरी ठेव' असं आजी म्हणाल्या तरी नाही म्हण. कागदपत्रांची धावपळ तू कर, वस्तू त्यांच्या मुलाने किंवा लायसन्सधारक विक्रेत्याने हाताळू दे.

आता बँक. पेटी फोडताना साक्षीदारांसमोर यादी करतात. तिची प्रत आधी माग. थकलेलं भाडं आणि ड्रिलिंगचा खर्च भरावा लागेल, आणि यजमान वारले असल्यामुळे आजींना प्रोबेट कोर्टाचं, म्हणजे वारसा-मृत्युपत्रं पाहणाऱ्या कोर्टाचं, नेमणूकपत्र लागेल. यात वेळ घालवू नका. मुदत उलटली की पेटीतला ऐवज राज्याच्या बेवारस मालमत्ता खात्याकडे जातो, आणि बंदुका पुष्कळदा त्याआधीच पोलिसांकडे जातात. तिथून त्या सोडवून आणणं फार जड जातं.

मुलगा दुसऱ्या राज्यात राहतो म्हणालास. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने बंदूक मिळाली तर केंद्रीय कायद्यात राज्याची सीमा आड येत नाही, पण त्याच्या राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतील. पेटीत एखादं ऑटोमॅटिक हत्यार, म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहणारं, असतं तर प्रकरण निराळं झालं असतं. त्याची नोंदणी नसेल तर आज ती करता येत नाही. १९६८ साली नोंदणीसाठी महिनाभराची माफी होती, ती संपली ती संपली. फोटोंत तसं काही दिसत नाही.

लांब नळीचं आहे ते लूगर, हे जर्मन पिस्तूल, त्यातलं आर्टिलरी मॉडेल. नळी २०० मिलिमीटर, मागच्या साइटवर (नेम धरायच्या पट्टीवर) ८०० मीटरपर्यंतचे आकडे. चेंबरवर (गोळी बसते त्या जागेवर) १९१७ आणि टॉगलवर (वरच्या दुमडणाऱ्या सांध्यावर) डीडब्ल्यूएम या जर्मन कारखान्याची गुंफलेली अक्षरं स्पष्ट दिसतात. याची किंमत ठरते जुळणाऱ्या नंबरांवर. फ्रेमच्या पुढच्या बाजूला, रिसीव्हरवर (नळी जोडलेल्या वरच्या भागावर) आणि नळीखाली पूर्ण नंबर असतो, बारीक भागांवर शेवटचे दोन अंक. एक भाग जरी दुसऱ्याचा निघाला तरी किंमत बरीच उतरते. नंबरखालचं वळणदार अक्षरही टिपून घ्या. दर दहा हजारांनंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होई, त्यामुळे अक्षराशिवाय नंबर अर्धाच.

लूगर हाताळणाऱ्याने नळी सुरक्षित दिशेला धरून आधी मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढावं, मग टॉगल मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहावं आणि बोटाने चाचपावं. चेंबरमागच्या ब्रीचवरची एक्स्ट्रॅक्टरची (काडतूस ओढून काढणारी) पट्टी वर उचललेली असेल आणि तिच्या बाजूला 'गेलाडेन', म्हणजे जर्मनमध्ये 'भरलेलं', वाचता येत असेल तर आत गोळी आहे. पट्टी खाली दिसली म्हणून पाहणं मात्र टाळायचं नाही. रिकाम्या चेंबरवर चाप ओढू नये, फायरिंग पिन (गोळीवर आघात करणारी सुई) मोडू शकते.

दुसरं एम१९११ए१, अमेरिकन लष्कराचं पिस्तूल. स्लाइडच्या (वरच्या सरकत्या भागाच्या) डाव्या बाजूला कंपनीचं नाव असतं, तिथला जवळून फोटो पाठव. सिंगरने, म्हणजे शिलाई मशिनवाल्यांनीच, अशी फक्त ५०० बनवली, नंबर एस८००००१ ते एस८००५००. म्हणूनच त्यांच्या नकलाही निघतात. करडा-हिरवट खरखरीत थर दिसतो ते पार्करायझिंग, लष्कराने मुद्दाम दिलेलं. लोक त्याला मळ समजून घासून काढतात आणि पिस्तुलाची वाट लावतात.

तिसरं कोल्टचं रिव्हॉल्व्हर, सिंगल ॲक्शन, म्हणजे दर वेळी घोडा हाताने ओढावा लागणारं. ते १८९८ किंवा त्याआधीचं निघालं तर केंद्रीय कायद्यात 'अँटिक' ठरतं आणि बहुतेक बंधनं गळतात. सीरियल नंबर दिला की कोल्ट कंपनी फी घेऊन आपल्या दप्तरातून पत्र देते: कधी पाठवलं, कोणाला, नळी केवढी, फिनिश कोणतं. हे पत्र जरूर मागवा.

सुहास, कळकळीने सांगतो, काहीही साफ करू नका. ब्रासो नाही, स्टील वूल नाही, नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) तर मुळीच नाही. मूळ फिनिश एकदा गेलं की परत येत नाही. स्क्रूच्या खाचेत नेमका न बसणारा स्क्रूड्रायव्हर घातला तर खाच फाटते आणि घेणाऱ्याचं लक्ष आधी तिथेच जातं. सुती हातमोजे घालावेत, कारण बोटांच्या घामातल्या मिठाने ठशाच्या जागी गंज चढतो. मऊ कापडाने हलकं तेल पुसलं की पुरे.

लूगर होल्स्टरमधून (चामड्याच्या म्यानातून) काढून वेगळं ठेवा. चामडं दमट हवा धरून ठेवतं, त्यातली आम्लं पोलादावर खड्डे पाडतात, पितळी रिव्हेटांवर हिरवं चढतं. पण होल्स्टर टाकू नका. आत कारागिराचा शिक्का आणि साल सापडतं. काढण्याआधी सगळं जसं आहे तसं फोटोंत घ्या.

होल्स्टरच्या घडीत टाइप केलेला पिवळा कागद दिसतोय. तो आधी वाचायला सांग. युद्धातून लूट घरी नेणाऱ्या सैनिकाला वरिष्ठ अधिकारी असं प्रमाणपत्र देत. त्यावरचा नंबर आजींच्या लूगरचाच असला तर केवळ त्या कागदाने किंमत बरीच चढते. पिस्तूल एकाला आणि कागद अल्बममध्ये, असं होऊ देऊ नका. मॅगझिन, होल्स्टर, कागद एकत्रच विकायचं.

किंमत दोन वेगळ्या जाणकारांकडून काढा, आणि शक्यतो त्यातला एक तरी स्वतः विकत घेणारा नसावा. तोवर सगळं लायसन्सधारक विक्रेत्याकडे पावती घेऊन ठेवा, पावतीवर तिन्ही नंबर असायलाच हवेत.

कागदाचा आणि स्लाइडचा फोटो मिळाला की लगेच कळवतो. आजींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश