बाई, त्या चार ओळींबद्दल

बाई,

पत्राच्या सुरुवातीला सवयीनं ‘सा. न. वि. वि.’ लिहिलं आणि लगेच खोडलं. ‘विनंती विशेष म्हणजे नेमकं काय विशेष?’ असं तुम्ही विचारलं असतं. तेव्हा नुसताच नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता चारचौघांत लिहितेय, त्याला कारण आहे. तुमच्याबद्दल, म्हणजे आमच्या शाळेच्या ग्रंथपालांबद्दल, मी पहिल्यांदा लिहिलं तेही चारचौघांतच होतं, आणि ते खोटं होतं. आभार तरी मग कोपऱ्यात कशाला मानायचे?

नववीत होते मी. शाळेच्या चार पानी वार्तापत्रात नुकती शिरले होते आणि तीन महिने फक्त स्पर्धांचे निकाल लिहून वैतागले होते. मला ‘खरी’ बातमी हवी होती. एका दुपारी पुस्तक परत करायला आले, तर तुमच्या काउंटरवर पुस्तकांच्या मोजणीचा कागद उघडा पडला होता. खाली तुमच्या अक्षरात एक ओळ: ‘जागेवर नसलेली पुस्तके – ३१२.’ मी आकडा तळहातावर लिहून घेतला आणि सरळ बाहेर पडले. पुढच्या अंकात पहिल्या पानावर मथळा होता: ‘ग्रंथालयातून ३१२ पुस्तके गायब!’ उद्गारचिन्हही माझंच. पहिल्या पानावर नाव छापून आलं म्हणून तो अंक घेऊन मी घरभर नाचले होते.

तुम्ही आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं असं त्या आठवड्यात मला खूपदा वाटलं. तुम्ही निरोप धाडलात, ‘शाळा सुटल्यावर लायब्ररीत ये’, आणि मी आल्यावर दाखल नोंदवही माझ्यापुढे उघडून एक पेन्सिल हातात दिलीत. म्हणालात, “मोज.”

दोन दुपारी मोजत बसले. ती नोंदवही अजून डोळ्यांसमोर आहे. कापडी पाठ, कडेला झिजलेली, प्रत्येक पुस्तकाला एक ओळ आणि शेवटच्या रकान्यात शेरा. कुठे लाल शाईत ‘बाद’, कुठे ‘बांधणीस’, कुठे एखाद्या शिक्षकाचं नाव आणि तारीख. १४० पुस्तकं बांधणीला गेली होती. ९६ फाटून, वाळवी लागून बाद झाली होती, प्रत्येकापुढे सही होती. ५७ शिक्षकांकडे होती (त्यातली काही माझ्या जन्माआधीपासून, पण ती बातमी मी कधीच केली नाही, हेही इथं कबूल करते). उरली १९. म्हणजे खरोखर हरवलेली एकोणीस पुस्तकं, आणि मी छापली होती तीनशे बारा.

बेरीज तिसऱ्यांदाही तेवढीच आली तेव्हा तुम्ही विचारलंत, “हे छापायच्या आधी मला का विचारलं नाहीस?”

मी जे उत्तर दिलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, “तुम्ही खुलासा केला असतात, तर बातमीच उरली नसती.”

तुम्ही चष्मा काढून पुसलात. काही बोलला नाहीत. मला मात्र माझंच वाक्य ऐकू आलं. बातमीचे सहा ‘क’ मला तोंडपाठ होते. काय, कोण, कुठे, कधी, का, कसे. मराठीत सगळे प्रश्न ‘क’नेच सुरू होतात ही काय सोय आहे! पण त्यातला ‘का’ मी मुद्दाम विचारला नव्हता, कारण त्याच्या उत्तरानं माझा मथळा पडला असता. चूक अजाणतेपणी झाली असं मी सगळ्यांना सांगत होते. ती तशी नव्हती, हे त्या खोलीत फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं.

मग दुरुस्ती छापायची ठरली. चारच ओळी, पण त्या चार ओळींनी मला जेवढं लिहायला शिकवलं तेवढं पुढच्या कुठल्याही लेखानं नाही. पहिला खर्डा मी असा आणला होता: ‘गेल्या अंकात ग्रंथालयाविषयी काही गैरसमजातून चुकीची माहिती प्रसिद्ध झाली. त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.’ मला तो फार भारदस्त वाटला होता. तुम्ही वाचलात आणि म्हणालात, “कर्ता कुठंय?”

मला कळलंच नाही. व्याकरणाचा तास होता तो की काय!

“गैरसमज कुणाचा? प्रसिद्ध कुणी केली? दिलगिरी कोण व्यक्त करतंय? दोन क्रियापदं आहेत आणि माणूस एकही नाही.”

दुसऱ्या खर्ड्यात मी ‘वार्तापत्राकडून’ घातलं. तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत. तिसऱ्यात ‘आमच्याकडून’ आलं. चौथा छापून आला: ‘ग्रंथालयातून ३१२ पुस्तके गायब झाल्याची बातमी मी गेल्या अंकात दिली. ती चूक होती. हरवलेली पुस्तके १९ आहेत. बाकीची बांधणीला, शिक्षकांकडे किंवा बाद केलेली आहेत. छापण्यापूर्वी मी ग्रंथपालांना विचारले नाही.’ खाली माझं नाव. ती दुरुस्ती शेवटच्या पानावर कोपऱ्यात टाकू असं आमच्या संपादक मंडळाचं म्हणणं होतं. आमच्या वार्तापत्राच्या सरांनी ती पहिल्या पानावर घेतली, जिथं बातमी होती तिथंच. तुम्ही त्यासाठी शब्द टाकला नव्हता, हे मी नंतर विचारून घेतलं. (हो, विचारून घेतलं.)

आपली भाषा या बाबतीत फार सोयीची आहे, बाई. ‘झालं’, ‘करण्यात आलं’, ‘ठरलं’, ‘राहून गेलं’. काच फुटते, ती कुणी फोडत नाही. निर्णय घेण्यात येतो, तो कुणी घेत नाही. त्यानंतर तुम्ही मला वार्तापत्राच्या जुन्या अंकांचे बांधलेले खंड काढून दिलेत आणि ‘उत्साहात संपन्न झाला’ किती वेळा येतं ते मोजायला लावलंत. मोजण्याची तुम्हाला भारीच हौस! एका खंडात एक्केचाळीस वेळा. त्यातल्या एकाही कार्यक्रमात पाऊस आला नाही, माइक बंद पडला नाही, कुणी नाटकातलं वाक्य विसरलं नाही. एक्केचाळीस कार्यक्रम आणि एकही माणूस नाही. त्यातले सहा मी स्वतः लिहिले होते.

मुलाखत घ्यायलाही मी तुमच्यावरच शिकले, आणि तुम्ही ते होऊ दिलंत. ‘माझी घे’ म्हणालात. मी पहिला प्रश्न विचारला, ‘तुम्हाला वाचनाची आवड कधीपासून?’ तुम्ही इतकं गुळगुळीत उत्तर दिलंत की मला लिहून घ्यायचाही कंटाळा आला. ‘लहानपणापासून, घरात पुस्तकांचं वातावरण,’ वगैरे. मग म्हणालात, “कंटाळलीस ना? प्रश्नच तसा होता. आता काल मी काय केलं ते विचार.” काल तुम्ही दुपारभर एका जुन्या नकाशांच्या पुस्तकातली सुटलेली पानं चिकटवत बसला होतात. आणि मग आपोआप निघालं की तुम्हाला कादंबऱ्या मुळीच आवडत नाहीत, दोन प्रकरणांपुढे कंटाळा येतो. तुम्हाला नकाशे आवडतात, नद्यांची वळणं बोटानं फिरवत बघायला. शाळेच्या ग्रंथपालांना कादंबऱ्या आवडत नाहीत! हे तुमच्याकडून बाहेर पडलं ते एका साध्या, कालच्या, नेमक्या प्रश्नानं. शेवटी मी वही मिटली तेव्हा तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत आणि लगेच म्हणालात, “वही मिटल्यावर माणसं खरं बोलतात. पण ते छापायचं असेल तर वही परत उघडून विचारायचं.” ती गोष्ट मी तेव्हा छापली नाही, आत्ताही लिहीत नाही.

दहावीतली कड्यांची बातमी आता शाळेत सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्या मागचं माहीत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या बारा दारांपैकी सातांना आतून कडी लागत नव्हती. एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं, ही इतकी सवयीची गोष्ट झाली होती की ती बातमी आहे असं मलाही वाटलं नव्हतं. दारं मोजून झाल्यावर मी विचारायला लागले, तर सगळीकडे एकच उत्तर: ‘कळवण्यात आलेलं आहे.’ कर्ता कुठंय? कुणी कळवलं, कुणाला, कोणत्या तारखेला? तीन आठवडे लागले. वर्गशिक्षिकेनं अर्ज दिला होता, त्याची पोच होती. कार्यालयातून तो पुढे गेला होता, त्याचीही नोंद होती. आणि एका टेबलावर तो एका फायलीखाली होता. ज्यांचं टेबल होतं त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, राहून गेलं. मी विचारलं, “तुमच्याकडून?” आणि ते “हो” म्हणाले. तेवढंच लिहिलं, जास्त काही नाही.

मुख्याध्यापकांनी बातमी वाचली आणि एक महिना थांबवली. मी तणतणत लायब्ररीत आले, शाळकरी मुलांच्या वार्तापत्राला काही अर्थच नाही म्हणाले. तेव्हा तुम्ही मला अमेरिकेतल्या दोन निकालांबद्दल सांगितलंत. १९६९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दंडावर काळी फीत बांधून व्हिएतनाम युद्धाचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाल दिला, त्यात मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी होती. मी हरखले, तेवढ्यात तुम्ही दुसरा निकाल काढलात. हेझलवूडच्या शाळेत मुलांच्या वर्तमानपत्रातली दोन पानं मुख्याध्यापकांनी छपाईआधी काढून टाकली होती, किशोरवयीन गरोदरपण आणि आईवडिलांचे घटस्फोट या विषयांवरची. १९८८ साली तेच न्यायालय पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूनं उभं राहिलं. मी विचारलं, मग बरोबर कोण? तुम्ही म्हणालात, “दोन्ही वाच आणि तू ठरव.” मी ठरवलंय. मला पाच नाही, ते तिघे पटतात.

कॅन्ससमधल्या पिट्सबर्ग हायस्कूलच्या मुलांची गोष्ट मात्र तुम्ही मुद्दाम सावकाश सांगितलीत. त्या राज्यानं १९९२ मध्येच विद्यार्थी पत्रकारितेला संरक्षण देणारा कायदा केला होता. २०१७ मध्ये त्यांच्या ‘बूस्टर रिडक्स’ या वर्तमानपत्रातली मुलं नव्या मुख्याध्यापिकेचा साधा परिचय लिहायला बसली होती. पदव्या लिहायच्या म्हणून त्यांनी विद्यापीठाचं नाव शोधलं, तर त्या विद्यापीठाला मान्यताच नसल्याचं निघालं. मुलांनी आरोप केले नाहीत, छापण्याआधी त्या मुख्याध्यापिकेला, त्यांनाच विचारलं. बातमी छापून आल्यावर काही दिवसांतच त्या बाईंनी रुजू व्हायच्या आधी राजीनामा दिला. माझ्या मनात एकच गोष्ट रुतली: नियुक्ती करणाऱ्या मोठ्या माणसांनी जे तपासलं नाही, ते परिचय लिहिणाऱ्या मुलांनी तपासलं. आणि त्यांनी ‘त्यांनाच विचारलं’. तुम्ही तो शब्द उच्चारताना माझ्याकडे पाहिलं नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

बातमी थांबली त्या महिन्यात सातही कड्या बसल्या. मला राग आला, बाई. चक्क राग. तुम्ही विचारलंत, “तुला कड्या हव्या होत्या की बातमी?” मी म्हणाले, “दोन्ही.” आजही तेच म्हणेन. तुमचं म्हणणं होतं की काम झालं, आता जाऊ दे. माझं म्हणणं होतं की ते टेबल तिथंच आहे आणि पुढचा अर्जही तिथंच जाऊन पडेल. आपलं ते भांडण मिटलेलं नाही. शेवटी बातमी छापली, पहिल्या वाक्यात ‘कड्या बसल्या’ आणि दुसऱ्यात त्या आधी कुठे अडकल्या होत्या ते. उलट्या पिरॅमिडच्या हिशेबानं महत्त्वाचं आधी यायला हवं. यातलं महत्त्वाचं कोणतं याबद्दल मी अजूनही रात्री कधीकधी वाक्यांची अदलाबदल करून बघते.

आता मी शाळा सोडतेय. वार्तापत्राचं काम नववीतल्या एका मुलीकडे गेलंय. हुशार आहे, घाईची आहे, उद्गारचिन्हं फार आवडतात तिला. परवा तिनं पहिली बातमी आणून दाखवली: ‘ग्रंथालयाची दुपारची वेळ कमी करण्यात आली आहे.’ मी विचारलं, “कुणी केली?” तिनं खांदे उडवले. मी म्हटलं, जा, लायब्ररीच्या बाईंना विचारून ये. बाई, यात कर्ता बहुधा तुम्हीच असाल. तसं असेल तर तिला तसं सांगा, आणि का ते सांगा.

उद्या मधल्या सुट्टीत येईल ती. घाबरलेली असेल, म्हणून जास्त जोरात बोलेल. तिला बसवा. लिहायला काही आणणार नाही, तेव्हा तुमच्याकडची पेन्सिल द्या, पण परत मागून घ्या. माझ्याकडची अजून माझ्याकडेच आहे.

तुमची,
पुस्तकं मोजलेली विद्यार्थिनी